ताशी 40 ते 50

हवामानवाले काका प्रत्येक गावात असतात. सेनगावचे काका पावसावर बोलत नाहीत. पावसावर कोणीही बोलतं. त्यांचा विषय वारा, आणि त्यांचं सगळं शास्त्र हवामान खात्याच्या एका वाक्यात मावतं: ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वादळी वारे. हे वाक्य त्यांनी वडिलोपार्जित जमिनीसारखं स्वतःच्या सातबाऱ्यावर चढवून घेतलं आहे. हिंगोलीची एसटी कशी आली? ताशी 40 ते 50. सोयाबीनचा भाव? ताशी 40 ते 50 ने खाली. घरी सूनबाई? तेवढाच वेग, मेघगर्जनेसह.

या आकड्याचा अर्थ मात्र हॉटेलातल्या बाकावर एकट्या काकांनाच नीट कळलेला असतो, आणि हे कबूल करणं बाकीच्यांच्या जिवावर येतं. मोबाइलवर 'वारा 12, झोत 45' दिसलं की यातलं एक खोटं, असं बाकाचं मत पडतं. काका एसटीवर येतात. हात दाखवील तिथे थांबत गाडी समजा सरासरी ताशी 25 ने पोचली. पण उताराला ड्रायव्हरने सोडली तेव्हा काटा 60 वर होता. वाऱ्याचा वेग म्हणजे काही मिनिटांची सरासरी, झोत म्हणजे तीनेक सेकंदांची उसळी. पत्रा उडतो तो उतारावरच्या वाऱ्याने. शिवाय हा वेग मोकळ्या रानात, जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा धरलेला. काकांच्या घराला लिंब आणि शेजाऱ्याची दुमजली भिंत. तिथे वारा एरवी दबतो, पण कोपऱ्यावरून वळताना हिसके देतो. म्हणून काकांच्या पत्र्यावर पिवळ्या इशाऱ्याला नऊ दगड असतात, नारिंगीला बारा.

रंगांचंही एक दुखणं आहे. सेनगाव मराठवाड्यात, त्यामुळे इथला अंदाज मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून येतो. शेजारचं रिसोड विदर्भात, त्याचा नागपूरहून. मुंबईने पिवळा आणि नागपूरने नारिंगी दिला, की ढग कोणत्या तहसिलीत नोंद करून येणार यावर दोन चहा होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आला की तिसरा.

खरा कस उन्हाळ्यात लागतो, शिजवलेली हळद रानात वाळत असते तेव्हा. दुपारच्या तापाने ढग उभा चढतो. त्यातून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत विरत जातो. ती हवा गार आणि जड होऊन खाली आपटते, जमिनीवर चौफेर पसरते. म्हणून पावसाआधी वारा येतो, तोही ढगाच्या बाजूने, मग दिवसाचा अंदाज पश्चिमेचा का असेना. असा एकटा ढग फार तर तासाभराचा धनी. तो कोणत्या शिवारावर फुटेल, हे जिल्ह्याच्या अंदाजात सकाळी लिहिता येत नाही.

मानेला गार झुळूक लागली की काका मोबाइल खिशात टाकतात. त्या दिवशी कोणताच रंग नसतो, बाक हसतो. काका "झाका रे हळद, वारं उठलं!" ओरडत रानाकडे निघतात. निम्मे झाकतात. उरलेल्यांच्या ताडपत्र्या बाभळीवर सापडतात. एरवी चहात साखर कमी निघाली तरी "म्या म्हणलो नव्हतो?" म्हणणारे काका दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मुकाट्याने हळद वेचतात.

काकांचे वडील खळ्यावर तिवईवर उभे राहून ज्वारी उफणायचे. उफणणीला झोत चालत नाही, भुसाबरोबर दाणाही उडतो. वारा संथ आणि सलग लागतो. तो पडला की माणसं त्याची वाट बघत रात्री खळ्यावरच झोपायची. मळणीयंत्र आलं, त्यात पंखा आला. मळणीच्या दिवसांत काका अजूनही मूठभर भुसकट खांद्याइतकं उंच धरून सोडतात, कुठे पडतं ते बघतात आणि मग मोबाइल उघडतात. ताशी 10. झोत नाही. "उफणायला पुरतंय," काका म्हणतात. शेजारी यंत्र चालू असतं, कोणाला ऐकू जात नाही.