तोंडात जिव्हाळी

मास्तरांना काही विचारायचं तर आधी त्यांच्या तोंडात काय आहे ते बघावं लागतं. सनईची जिव्हाळी असली तर उत्तर 'हूं', क्लॅरिनेटची रीड असली तर 'हूंहूं'. लग्नसराईत दोन्हींपैकी एक तरी तोंडात भिजत असतेच. बायकोनं विचारलं, "अहो, दूध किती आणू?" मास्तरांनी दोन बोटं दाखवली. त्यांना 'दोन मिनिटं थांब' म्हणायचं होतं. घरात दोन लिटर दूध आलं.

सकाळी कार्यालयात सनई, रात्री वरातीत क्लॅरिनेट. त्यामुळे एकपाती आणि दुपाती वाद्यांतला फरक आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. ते खोडून काढणारा गावात कुणी नाही हेही खरं.

"क्लॅरिनेटची रीड एकटी. माउथपीसवर ठेवली, क्लिप आवळली, झालं. हळू फुंका, हळू बोलेल. नुसत्या श्वासातून सूर उगवेल. गुणी बाळ! सनईच्या दोन पात्या समोरासमोर. त्या मिटायला टपलेल्या. फुंक कमी पडली तर ढिम्म, जास्त झाली तर किंचाळी. पण एकदा लागली की ओठ केसभर दाबा, सूर केसभर चढतो. बोट भोकावरून हळूच सरकवा, मींड हजर. क्लॅरिनेटला त्या चाव्या. चावी एक तर उघडी, नाहीतर बंद. तिला मींड कशी येणार?"

एका पोरानं त्यांना मोबाइलवर गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' ऐकवली. १९२४ची रचना, सुरुवातच क्लॅरिनेटच्या लांबलचक घसरत्या सुरानं. तळातून उठलेला सूर कुठेही पायरी न दाखवता वर जातो. मास्तरांनी ती दोनदा ऐकली आणि निकाल दिला, "हा माणूस लहानपणी सनई वाजवत असणार."

आणखी एक गोष्ट त्यांना फार लागते. सनईत षड्ज जोरानं फुंकला तर वरचा षड्ज मिळतो. क्लॅरिनेटची मागची चावी दाबा, ती मधलं सगळं ओलांडून थेट वरच्या पंचमावर जाते. कारण साधं आहे : क्लॅरिनेटची नळी बहुतेक सरळ, सनईची खाली रुंदावत गेलेली. मास्तरांना हे पटत नाही. ते याला स्वभाव म्हणतात.

मग माणसांचीही वाटणी होते. बँकेतला कॅशियर एकपाती, तलाठी दुपाती. व्याही कोणत्या प्रकारात ते मास्तर सांगत नाहीत, नुसते जिव्हाळीकडे बघतात. आपण स्वतः कशात मोडतो हा प्रश्न त्यांना पडलेला नाही. 'वाजवा' म्हटल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत यजमानांचे दोन चहा होतात. सनईच्या गळ्याला दोऱ्यानं तीन-चार जादा जिव्हाळ्या आणि एक सुई लोंबत असते. प्रत्येक जिव्हाळी उजेडाकडे धरायची, सुईनं किंचित उघडायची, जिभेवर ठेवायची, नाक मुरडायचं. सुराची सनई धरणारा भाचा एव्हाना गाल फुगवून तयार असतो. त्याचं खरं काम मामांच्या खुणांचा अर्थ लोकांना सांगणं.

मास्तरांचा खरा वैरी मात्र क्लॅरिनेट नाही. कार्यालयाचा पेनड्राइव्ह आहे. त्याच्याशी धड भांडताही येत नाही, कारण आत बिस्मिल्ला खाँसाहेब आहेत.

गेल्या वैशाखात एका लग्नात एसी जोरात होता. जिव्हाळी सुकली. दुसरी काढली, तीही सुकली. भटजींनी घड्याळ पाहिलं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, कुणीतरी ओरडलं, "वाजवा!" मास्तरांनी तिसरी जिव्हाळी तोंडात घालून बोट वर केलं. भाच्यानं भाषांतर केलं, "एक मिनिट." मॅनेजरनं बटण दाबलं आणि खाँसाहेब तत्क्षणी सुरू झाले.

मास्तरांनी जिव्हाळी तोंडातून काढली. पाहुणे गप्प. एवढं लांब वाक्य त्यांच्याकडून त्या सीझनमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

"खाँसाहेबांनाही पाती भिजवायला वेळ लागलाच असेल. त्यांनी तो रेकॉर्डिंगच्या आधी घेतला, एवढंच."

आणि बिदागी पूर्ण घेतली. वर एसीमुळे वाया गेलेल्या दोन जिव्हाळ्यांचे पैसे वेगळे लावले.