उलटी प्रदक्षिणा

आमच्या गाडीला आपलेच पाय ओळखू येईनासे झाले, तेव्हा नाना साताऱ्याहून आमच्याकडे मिशिगनला आलेले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला साक्षीदार आहे आणि तो साक्षीदार परत गेल्यावर वर्षभर कट्ट्यावर हीच गोष्ट सांगणार आहे.

गाडी म्हणजे कॉर्व्हेट. २००२ सालची, पिवळी, पुढचे दिवे पापण्यांसारखे उघडझाप करणारी. पन्नाशी ओलांडल्यावर मी ती जुनी घेतली. ताकद ३५० घोड्यांची, काटा ताशी २०० मैलांपर्यंत आखलेला, आणि आमच्या कॉलनीत वेगमर्यादा २५. बसायला दोनच माणसं, तीही आधी जमिनीशी उकिडवं होऊन मग आत पडायचं अशा बेताने. बाहेर यायला कुणीतरी हात द्यावा लागतो. "घोडा घेतलास आणि खाली बसून चालवतोस," असं नाना पहिल्याच दिवशी म्हणाले.

या गाडीला स्टेपनी नाही. कारखान्यानेच दिलेली नाही. त्याऐवजी टायर असे की, हवा पार गेली तरी त्यांच्या जाडजूड बगला गाडीचं वजन पेलून धरतात आणि माणूस घरी पोचतो. सोय उत्तम, पण त्यात एक मेख आहे. हवा गेलेलं टायर आणि हवा भरलेलं टायर दिसायला सारखंच. बसत नाही, लोळत नाही, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. म्हणून कंपनीने १९९७ पासून या पिढीच्या गाडीच्या चारही चाकांत एकेक चिमुकला हेर बसवून दिला. तो आत बसून दाब मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. असे हेर पोर्शच्या ९५९ मध्ये १९८६ सालीच होते, पण ते राजेरजवाड्यांचं काम. फायरस्टोनच्या टायरांवरून अमेरिकेत गहजब झाला, २००० साली कायदा आला, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीला ही हेरगिरी सक्तीची झाली. हवा ठरल्यापेक्षा पाव हिश्श्याने उतरली की समोर पिवळा दिवा लागलाच पाहिजे.

नानांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी खाली वाकून टायरवर अंगठा दाबला. चाळीस वर्षं सायकलवर शाळेत शिकवायला गेलेला अंगठा तो. सायकलच्या टायरची हवा त्याला पौंडात कळायची. इथे तो टायरवर रुतलाच नाही. त्यांनी पुन्हा दाबला, मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी टायरमध्ये सिमेंट भरून ठेवलंय.

तर या हेरांच्या पोटात एक सेल असतो आणि तो साधारण दहा वर्षं टिकतो. सेल बदलायची सोय ठेवलेली नाही. सगळं राळेसारख्या लुकणात गाडून टाकलेलं, समाधीच घेतल्यासारखं. एक हेर मेला की उरलेले तिघे त्याच वयाचे, तेव्हा चौघांनाही एकदम निरोप द्यावा हे शहाणपणाचं, कारण दरवेळी टायर रिमवरून उतरवायची मजुरी हेरापेक्षा महाग पडते.

आमचाही एक मेला, म्हणून चौघेही बदलायला टायरचं दुकान गाठलं. तिथला पोरगा माझ्या गाडीपेक्षा वयाने लहान होता. त्याने काम मात्र झकास केलं. आधीच्या मालकाने ॲल्युमिनियमच्या वॉलवर हौसेने पितळी टोपणं चढवली होती, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दोन धातूंचं असं काही लग्न लागलं होतं की एक टोपण पकडीने फिरवताच वॉलचं डोकंच हातात आलं. शेवटी चारही नवे हेर बसले. मग त्याने आपलं यंत्र चाकाशी धरलं. ते यंत्र नव्या गाड्यांचे हेर जागे करतं. आमचे जागे झाले नाहीत. "यांना लोहचुंबक लागतं," तो म्हणाला, "आणि ट्रेनिंग तुमचं तुम्हीच करा."

ट्रेनिंग म्हणजे गाडीला ओळख करून द्यायची. प्रत्येक हेराचा स्वतःचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक गाडीला नुसता ऐकू येतो, कुठल्या चाकातून आला ते कळत नाही. म्हणून गाडीला शिकवणीच्या अवस्थेत नेऊन चाकामागून चाक, वॉलपाशी चुंबक धरायचं. हेर दचकून ओरडतो, गाडी तो आवाज त्या जागेच्या नावावर मांडते आणि पावती म्हणून हॉर्न देते. क्रम ठरलेला: डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. रेंगाळलात की वर्ग सुटतो आणि पुन्हा श्रीगणेशा.

मी जुन्या स्पीकरमधलं कडबोळ्यासारखं चुंबक काढलं. रात्रीचे साडेनऊ. नाना ड्राइव्हवेवर घडीच्या खुर्चीत, अंगावर शाल. मी चाव्या फिरवल्या, बटणं दाबली, आणि गाडीसमोर येऊन उभा राहिलो. पहिला हॉर्न वाजला. समोरच्या घरातला कुत्रा भुंकला. दुसरा हॉर्न वाजला, दुसरा कुत्रा. तिसऱ्या चाकापाशी वाकलो आणि चुंबक हातातून सुटलंच. कॉर्व्हेटचं अंग फायबरचं, चाकं ॲल्युमिनियमची, चुंबकाला चिकटायला कुठे काही नाही असं मी धरून चाललो होतो. पण आरांच्या मागे ब्रेकची बिडाची डिस्क असते. चुंबक आरांमधून सुळकन आत जाऊन तिला बिलगलं. बोटं आत जाईनात. आत धावलो, भाताचा लाकडी उलथणा आणला, खरवडून चुंबक सोडवलं, तोवर वर्ग सुटला होता.

"शंकराची झाली," नाना शालीतून म्हणाले. "अर्धीच."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला चार चाकं, चार हॉर्न, आणि आळीतले यच्चयावत कुत्रे. गाडीने चारही वेळा शाबासकी दिली.

"उलटी घातलीस पण," नाना म्हणाले.

"काय?"

"काही नाही. थंडी वाजतेय, आत चल."

दुसऱ्या दिवशी समोरच्या पट्टीवर आकडे उमटले. हवा हवी ३० पौंड. तीन चाकं ३०, डावं पुढचं २६. काही बिघडलं नाही, मी डाव्या पुढच्यात चार पौंड भरली आणि एक चक्कर मारली, कारण चाकं फिरल्याशिवाय हे हेर नवी बातमी देत नाहीत. परत येऊन पाहतो तर डावं पुढचं २६ च्या २६, आणि उजवं पुढचं ३४!

आता उजव्यात जास्त झाली म्हटल्यावर काढायला हवी. उजव्यातली चार पौंड सोडली. पुन्हा चक्कर. उजवं जागचं हललं नाही, ३४. डावं २२ वर आलं आणि पिवळी तक्रार पेटली. मी डाव्यात आणखी भरली. उजवं ३८ झालं. एव्हाना मला हेर सदोष आहेत याची खात्री पटली होती आणि टायरच्या दुकानात जाऊन काय काय बोलायचं याची मनात उजळणी सुरू झाली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही मीच चालवतोय, हे कळायला दुपार उलटली.

कळवलं नानांनी. ते बराच वेळ माझ्या चकरा पाहत होते. शेवटी उठले, चारही वॉलची टोपणं काढली, प्रत्येक वॉलच्या तोंडाला बोटाने थुंकी लावली आणि वाकून बसले. बायको खिडकीतून पाहत होती, तिने पडदा ओढून घेतला. उजव्या पुढच्या वॉलवर थुंकीचा एक बुडबुडा हळूच फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"इथं जातीय," ते म्हणाले. "आतली पिन सैल आहे." आणि तुझं यंत्र त्या बाजूला बोट दाखवतंय, हे त्यांनी नुसत्या भुवईने सांगितलं.

मी गाडीसमोर येऊन उभा राहिलो, काल रात्री उभा होतो तसाच, आणि आपला डावा हात वर केला. तो गाडीच्या उजव्या चाकाकडे होता.

गाडीची डावी बाजू म्हणजे गाडीत बसणाऱ्याची डावी. मी धरली ती गाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्याची. गाडी बिचारी शिकवाल ते शिकणारी. मी उजव्याला डावं म्हटलं, तिने डावं लिहून घेतलं आणि हॉर्न देऊन आभार मानले. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "आम्ही कायम पेशंटची डावी धरतो. नाहीतर भलत्याच गुडघ्याला शेक बसायचा."

"काल उलटी घातलीस म्हणालो ना?" नाना म्हणाले. "प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा. तुझा डाव्या हाताला होता."

मी तो क्रम मनात पुन्हा म्हटला. डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. गाडी खरोखरच उजव्या हाताला राहते.

पिन अर्धा आटा फिरवताच बुडबुडा थांबला. चारही चाकांची हवा साध्या हातातल्या मीटरने मोजून ३० केली. संध्याकाळी शिकवणी पुन्हा लागली, पण चुंबक नानांच्या हातात. मी चालकाच्या जागी, ते बाहेर. माझ्या डाव्या हाताच्या चाकापासून निघाले, टाळ वाजवावा तसं चुंबक दोन बोटांत धरून, सावकाश. हॉर्न. पुढून वळून पलीकडे. हॉर्न. मागे. हॉर्न. पूर्ण फेरी करून शेवटच्या चाकापाशी आले, चौथा हॉर्न झाला, आणि सवयीने त्यांनी दोन्ही हात जोडले.

हात जोडायचे तर चुंबक कुठंतरी ठेवायला हवं होतं. ते त्यांनी आरांमध्ये टेकवलं होतं. मी उलथणा आणायला आत गेलो.