रा. रा. इकोसाहेब यांस

प्रति,
रा. रा. इकोसाहेब,
मिक्सरवरचं सर्वांत झिजलेलं बटण,
समस्त स्टुडिओ व समस्त मांडव,
मु. पो. अर्धापूर, जि. नांदेड.



अर्धापूर तालुक्यातल्या बँजो पार्ट्या, भीमगीतांच्या गायन पार्ट्या आणि अलीकडे स्वतःला नुसतं 'बँड' म्हणवणारी कॉलेजची पोरं डेमो करायला निघतात, तेव्हा स्टुडिओवाल्याला पहिला प्रश्न आपल्याविषयीच विचारतात. दर नंतर, तारीख नंतर, माईक कोणता हे तर कधीच नाही. 'भाऊ, तुमच्याकडं इको कसाय?' या लोकप्रियतेबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. लग्नाच्या मांडवात आपण, जयंतीच्या स्टेजवर आपण, प्रचाराच्या रिक्षात आपण, आणि कीर्तनात तर बुवांच्या मागोमाग आपणच. 'माईक टेस्टिंग' हे दोन शब्द आपल्या कृपेने वेशीपर्यंत पोचतात. तेव्हा आपल्या सेवेत खोट काढण्याची आमची प्राज्ञा नाही. विनंती एकच आहे, की डेमोच्या दिवशी आपण रजा घ्यावी. आणि ज्या स्टुडिओचं आपल्यावाचून पान हलत नाही, त्या स्टुडिओची पायरी पोरांनी चढू नये, असं आमचं मत झालेलं आहे. कारणं सविस्तर देतो, कारण आपल्या पक्षाचे लोक गावोगाव आहेत आणि ते आम्हाला सहजासहजी सोडणार नाहीत.

डेमो कशासाठी असतो, इथून सुरुवात करू. डेमो म्हणजे गाण्याचं प्रकाशन नव्हे. तो ऐकणारा माणूस रसिक म्हणून ऐकत नाही, तो सुपारी द्यायची की नाही हे ठरवायला ऐकतो. तो जयंती मंडळाचा अध्यक्ष असेल, नवरीचा मामा असेल, माळेगावच्या यात्रेत कार्यक्रम ठरवणारा कुणी असेल. त्याला कळायला हवं ते इतकंच: गाणाऱ्याचा सूर वरच्या पट्टीत टिकतो का, ढोलक आणि ऑक्टापॅड एकमेकांना धरून चालतात का, लय चढवताना कॅसिओवाला मागं राहतो का. यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर झाकायची सोय म्हणजे आपण. सूर किंचित उतरला तर त्याच्या मागं आधीच्या सुराची शेपटी लावून आपण तो बुजवता. ठेका निसटला तर त्याच्या आगेमागे चार ठेके उभे करून कोणता खरा ते कळू देत नाही. अर्धापूर केळीचं गाव आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो: कार्बाइड लावून पिकवलेला घड वरून पिवळाधमक असतो, पण सोलला की दाताला लागतो. व्यापारी एकदा फसतो, दुसऱ्या वर्षी त्या मळ्याकडं फिरकत नाही. पार्टीला स्टेजवर सोललं जातं, आणि तेही पाहुण्यांसमोर.

आता आपण म्हणाल, यात स्टुडिओचा काय दोष, पोरंच मागतात. मान्य. पण आपल्याभोवती उभी राहिलेली कामाची रीत जरा जवळून बघा. लहान गावातला बहुतेक स्टुडिओ म्हणजे एक काँप्युटर, एक साउंडकार्ड, एक कंडेन्सर माईक आणि काचेआडची एका माणसापुरती कोठडी. तिथं 'ट्रॅक' आधी तयार होतो. ताल काँप्युटरचा, बासरी कीबोर्डची, हलगीसुद्धा कुठल्या तरी तयार संग्रहातली. मग गायक कोठडीत शिरतो, हेडफोन लावून ओळ-ओळ डबिंग करतो, चुकलेला शब्द कापून नवा डकवला जातो, आणि शेवटी सगळ्यावर आपलं शिंपण होतं. सोलो गायकाचं गाणं चॅनलवर टाकायचं असेल तर ही रीत स्वस्त आणि सोयीची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण आठ जणांच्या पार्टीचा डेमो असा केला, तर त्यात पार्टी आहे कुठं? सात जण बाहेर ओट्यावर चहा पीत बसलेले असतात. त्यांची नावं फक्त व्हिडिओच्या पाटीवर येतात. सुपारी देणाऱ्यानं ऐकली ती काँप्युटरची हलगी, आणि दारात आलं ते हाडामासाचं पोरगं. तिथून पुढं जी बाचाबाची होते, तिला आपण जबाबदार नाही असं कसं म्हणावं?

म्हणून सगळे एकत्र बसतील अशी खोली, ही स्टुडिओ निवडण्याची पहिली कसोटी आहे. यंत्रांची यादी फार नंतर येते. 2016 च्या 'सैराट' चित्रपटाच्या वेळी संगीतकार अजय-अतुल यांच्यापुढं काँप्युटरमधल्या व्हायोलिनी पुष्कळ होत्या. तरी ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले, कारण अख्खा वाद्यवृंद एका छताखाली बसून एका श्वासात वाजवेल अशी जागा हवी होती. पैसा मोजला तो एका मोठ्या दालनासाठी आणि त्यात बसणाऱ्या माणसांसाठी. त्याच्याही आधीचं बघायचं तर 11 फेब्रुवारी 1963 रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या चार पोरांनी एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली, ती मुख्यतः एकत्र वाजवूनच. ते जमलं, कारण क्लबातल्या रोजच्या वाजवण्यानं हात बसलेले होते. आमच्याकडच्या पार्ट्यांचे हातही असेच बसलेले असतात. लग्नसराईत जो ढोलकवाला रात्र-रात्र वाजवतो त्याला क्लिकच्या ठोक्यावर एकट्यानं वाजवायला लावून रेकॉर्डिस्ट त्याचं बळच काढून घेतो.

आणि यंत्रं कमी असली तर? 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग हिंदुस्थानात आला, तेव्हा कलकत्त्याच्या हॉटेलातली खोली हाच स्टुडिओ होता. विजेचा माईक नव्हता, गायिका गौहर जानला एका कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांत राग संपवावा लागला, आणि शेवटी स्वतःचं नावही पुकारावं लागलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या आणि तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळायला हवं. त्या तबकड्यांत आपण कुठंच नाही, इकोसाहेब. तरी सव्वाशे वर्षांनंतरही ऐकणाऱ्याला बाईंची तान खरी आहे की खोटी हे कळतं. डेमोनं याहून जास्त काय करायचं असतं?

खोलीबद्दल थोडं बारकाईनं लिहावं लागेल, कारण तिथं आपले एक दूत भिंतीला चिकटून बसलेले असतात. अंड्यांचे ट्रे. ते दिसले की पोरांना वाटतं, आलो बुवा खऱ्या स्टुडिओत. तो पुठ्ठा दोनेक इंच खोल, पातळ आणि कडक. त्यानं बारीक आवाज थोडा इकडंतिकडं विखुरतो, एवढंच. ढोलकच्या जाड बाजूचा 80 हर्ट्झच्या आसपासचा घुमा घेतला तर त्याची एकेक लाट सव्वाचार मीटर लांब असते. तिला दोन इंचांच्या पुठ्ठ्याची दखल घ्यायचं कारण नाही. ती खोलीभर लोळते, कोपऱ्यात साठते, आणि मिक्सिंगला बसल्यावर 'बेस फार झाला' म्हणून रेकॉर्डिस्ट ढोलकाचाच गळा दाबतो. शिवाय पुठ्ठा पेट घेतो ते वेगळंच. यापेक्षा जाड रॉकवूलच्या पट्ट्या, नाहीतर सरळ कापसाच्या जुन्या गाद्या आणि वाकळा भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगलेल्या बऱ्या. खरं तर नांदेड-लातूरकडं सीझनला घरातली एखादी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असते. तिच्यासमोर माईक लावला तर कित्येक स्टुडिओंपेक्षा कोरडा आवाज मिळेल, फक्त गाणाऱ्याला शिंका येतील. तपासायला यंत्र लागत नाही. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायची. मागं 'झिंग' असा धातूसारखा आवाज राहिला, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडं टोलवताहेत. मग पंखा, कूलर, एसी बंद करून हेडफोनवर काही न वाजवता मिनिटभर ऐकायचं. वीज इन्व्हर्टरवर टाकून पुन्हा ऐकायचं. अर्थिंग धड नसेल तर 50 हर्ट्झची गुणगुण तिथंच पकडली जाते. छत पत्र्याचं असेल तर पावसाळ्यातली तारीख घेऊ नये, आणि मे महिन्यात दुपारची घेऊ नये, कारण नांदेडच्या बेचाळीस अंशांत पंखा बंद ठेवून वरचा सा लावणं हा छळ आहे. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीआधीचे आठवडेही टाळावेत. त्या दिवसांत स्टुडिओवाल्याला जेवायला वेळ नसतो, तो टाळी काय ऐकू देणार!

आपल्या पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लोकांना इको आवडतो, आणि लोकांना आवडतं ते वाईट कसं? हा आक्षेप आम्ही टाळत नाही. कोरडा आवाज कानाला उघडा वाटतो हे खरं आहे. माणसाचं गाणं देवळात, गुरुद्वाऱ्यात, वाड्याच्या चौकात वाढलं, आणि तिथल्या दगडांनी त्याला नेहमीच थोडी साथ दिली. जगातल्या उत्तमोत्तम स्टुडिओंनी आपल्या थोरल्या बंधूंसाठी, रिव्हर्बसाहेबांसाठी, खास खोल्या बांधल्या. पण पुष्कळदा त्यांनी आवाज कोरडा मुद्रित केला आणि आपल्या कुळाला नंतर, मापानं, आत घेतलं. कोरड्यावर आपल्याला केव्हाही शिंपता येतं; एकदा आपल्यासकट मुद्रित झालेल्या आवाजातून आपल्याला धुऊन काढणं जवळपास अशक्य. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुजसुद्धा पुनःपुन्हा ऐकू येते, म्हणून तिथं कुणी डेमो करायला जात नाही. आणि आवडीचंच म्हणाल, तर लोकांना आवडतो तो मांडवातला इको. तिथला साउंडवाला तो फुकट देणारच आहे, डेमोत त्याची आगाऊ भरपाई कशाला?

दुसरा आक्षेप सुशिक्षित पोरांचा: मग पुण्या-मुंबईलाच का जाऊ नये? जावं, जरूर जावं, पण अल्बमसाठी. आठ माणसं, वाद्यं, प्रवास, मुक्काम, आणि तासाच्या मीटरवर धडधडणारी छाती एवढं करून जे हाती येतं, त्यातली अर्धी शोभा परक्या खोलीची असते. शिवाय हलगीचा कडाका किती जवळून घ्यायचा, संबळाच्या दोन तोंडांना दोन माईक का लागतात, हे ज्याच्या कानावरून लहानपणापासून गेलंय असा रेकॉर्डिस्ट नांदेडात मिळण्याचा संभव जास्त. त्याची परीक्षाही सोपी आहे. त्याला त्याचं गाजलेलं गाणं वाजवायला सांगू नये. 'मी मागची ओळ चुकलो होतो का?' असं गाणाऱ्यानं विचारावं. 'चालतंय, नंतर बसवू' म्हणाला तर चहा पिऊन उठावं. 'पुन्हा घ्या' म्हणाला तर तारीख पक्की करावी. 'बसवू' म्हणजे काय ते आपण जाणताच, ते आपले धाकटे बंधू ऑटोट्यून. तेलाच्या शोधात भूगर्भातले हादरे तपासणाऱ्या एका अभियंत्यानं 1997 साली त्यांना जन्म दिला, आणि तेव्हापासून आमच्या लोकगीतांतल्या मुरक्या, दोन सुरांच्या मधे रेंगाळणारी ती आर्त जागा, हे सगळं ते इमानेइतबारे इस्त्री करत आहेत. त्यांनाही रजा द्यावी. आकाशवाणीच्या ऑडिशनला आपण दोघंही हजर नसता. तिथं गाणारे गातात आणि श्रेणीही मिळवतात.

राहता राहिला फुकटचा स्टुडिओ. 'रेकॉर्डिंगचे पैसे नको, गाणं आमच्या चॅनलवर टाकू' हे वाक्य ऐकायला फार गोड. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे त्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पैसे स्टुडिओनं घातले तर तो पुढाकार स्वतःचा म्हणायला स्टुडिओवाला मोकळा, आणि प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. म्हणून थोडे का होईना पैसे मोजावेत, पावती घ्यावी, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या एमपीथ्रीवर समाधान न मानता प्रत्येक माईकची वेगळी वेव्ह फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. जो स्टुडिओवाला ती द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडं आपण कितीही गोड असलात तरी त्याला रामराम. बहुधा त्या वेगवेगळ्या फाईली त्याच्याकडं नसतातच, कारण सगळं एकाच ट्रॅकवर आपल्यासकट घोटलेलं असतं.

कळावे. लोभ आहेच, थोडा कमी व्हावा.

आपला,
एक कोरडा श्रोता, अर्धापूर

ता. क. : हे पत्र कुणी स्वतःच्या आवाजात, मागं आपल्याला लावून, यूट्यूबवर टाकण्याची शक्यता आहे. त्याला कळवावं, की कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. तशी सही आम्ही केलेली नाही.