मी काय शिकलो?

नववीच्या गटाने ठिबक सिंचनाचे मॉडेल केले. विज्ञान, गणित, भूगोल, चित्रकला असे चार विषय एकाच थर्माकोलवर. मग प्रत्येकाने ‘मी काय शिकलो’ लिहायचे होते. पाचपैकी चार वह्यांत ‘सहकार्याचे महत्त्व’ एकाच अशुद्धलेखनासह उतरले. सहकार्य झाले ते एवढेच.

अशा करून शिकण्याला २०२० च्या शैक्षणिक धोरणाचे नवे वारे म्हणतात. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातूनच शिक्षण द्या म्हटले होते. कामातून शिकवणारा पाबळचा विज्ञान आश्रमही १९८३ पासूनचा. वारे जुनेच, पंखा नवा.

पाचव्या वहीत मुलीने लिहिले, ‘पहिली भोके मोठी पडली. दाब कमी झाला, शेवटचे रोप कोरडेच राहिले. पुढच्या वेळी बारीक सुई.’

बाईंचा शेरा : भावना व्यक्त कराव्यात.