बोर्डसाहेब, पाणी पोहोचलं का?

मा. एक्स्टेंशन बोर्डसाहेब,
मुक्काम : फिश टँकच्या स्टँडखाली, फरशीवर.



वर काचेच्या पेटीत शंभर लिटर पाणी आणि बरोबर त्याच्याखाली, तोंडं वर करून, आपण! इतकी मोक्याची जागा मिळायला पूर्वपुण्याई लागते. फिल्टर, हीटर, एअर पंप आणि दिवा अशा चौघांचा संसार आपण एकट्याने ओढता. वर मोबाईलचा चार्जर पाहुणा म्हणून असतोच.

आपला सोशिकपणा तर काय वर्णावा! फिल्टरच्या दोन पिना आत जाईनात, तेव्हा अर्थिंगच्या भोकात पेन्सिल खुपसून आपल्याला राजी करण्यात आलं. एअर पंपाच्या वायरला तर पिनच नाही. सोललेली दोन टोकं, आणि ती निसटू नयेत म्हणून ठोकलेल्या दोन आगकाड्या. आपण हूं की चूं केलं नाहीत. आपल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार आहे का, हे विचारण्याचा उद्धटपणाही या घरात आजवर कुणी केलेला नाही.

पाण्यासाठी आपल्याला कुठे जावंही लागत नाही, ते आपण होऊन भेटीला येतं. टाकीतून निघालेली वायर सरळ आपल्या पायाशी उतरते आणि तिच्यावरून थेंबही उतरतात. बोर्ड भिंतीवर असता आणि वायर त्याच्याखाली झोळ देऊन मग वर नेली असती, तर थेंब झोळाशीच गळून पडले असते. पण साहेबांना फरशीवरून उठवायचं कुणी? दुसरी वाट एअर पंपाची. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला. लाइट गेली की हवा थांबते आणि टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. ते अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बोटाच्या पेराएवढा असतो. तो आणायचा राहून गेला; भाग्य उजळावं म्हणून अरोवाना मासा मात्र आला.

हीटरसाहेबांचीही आपल्याला साथ आहे. पाणी उपसताना ते चालूच राहतात, उघडे पडून तापतात, आणि गार पाणी पडलं की त्यांची काच तडकते. मग टाकीत 230 व्होल्ट उतरतात. मासे मजेत पोहत राहतात, कारण त्यांच्यातून जाऊन करंटला बाहेर पडायला वाटच नसते. ती वाट घेऊन येतो तो पाणी बदलणारा माणूस : ओला हात, अनवाणी पाय, ओली फरशी. कधी नुसत्या मुंग्या येतात. त्यावर घरातला रामबाण उपाय ठरलेला आहे, "हात घालताना चप्पल घाल!"

"एमसीबी आहे ना, तो पडेल," असं म्हणून सगळे निर्धास्त. पण एमसीबी सांभाळतो तारांना. 6 अँपियरचा एमसीबी तेवढ्या करंटला हलतही नाही, आणि माणसाचं हृदय बंद पडायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. माणसाला सांभाळतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत 30 मिलिअँपियरचा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. पण तो एमसीबीच्याच पेटीत बसतो, दिवाणखान्यात दिसत नाही. मग त्यावर खर्च कोण करणार?

तेव्हा साहेब, आपल्या सेवेची कदर करून आपली बदली करावी, असं आम्ही सुचवतो. फरशीवरून भिंतीवर, टाकीच्या बाजूला, थेंब पोहोचणार नाही अशा उंचीवर. आगकाड्या आणि पेन्सिल सोबत नेऊ नयेत.

आणि घरमालकहो, वायरमनला बोलावून 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा. टाकीत हात घालण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोर्डाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील, तर बटण बंद असूनही करंट आत पोहोचलेला असतो. म्हणून सगळ्या पिना काढा, आणि मगच बाह्या सरसावा.