विमानांची रांग लावा : नवशिक्यांसाठी

सुरुवात थेट मुंबईपासून करा. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी वापरायची एकच. उतरणारेही तिच्यावरच, उडणारेही तिच्यावरच, आणि गर्दीच्या तासाला चाळीसहून जास्त विमानं. उतरणारं विमान वर घिरट्या घालत इंधन जाळतं; तेव्हा ताटकळायचं ते जमिनीवरच्याने.

आता ‘जो आधी आला तो आधी’ हा नियम विसरा. जड विमान उडालं की मागे हवेत भोवरे सोडतं. त्यामुळे बोइंग ७७७ च्या मागे छोटं एटीआर असेल तर दोन मिनिटं थांबा. उलट क्रमात किंवा एटीआरमागे एटीआर असेल तर मिनिटभर पुरतं, दोन जड एकामागोमाग असतील तर दीड धरा. ७७७, एटीआर, ७७७, एटीआर असं सोडलंत तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पाच मिनिटं जातात. आधी दोन्ही एटीआर, मग दोन्ही ७७७ : साडेतीन! दीड मिनिट वाचलं. टॉवरमध्ये पेढे वाटायला हरकत नाही.

दहा विमानांच्या रांगा ३६,२८,८०० प्रकारे लागतात. हाताने करू नका, संगणकाला द्या. मात्र नेमकं काय वाचवायचं ते त्याला नीट सांगा. ‘प्रवाशांची एकूण मिनिटं’ म्हणालात, तर तो सत्तर माणसांच्या एटीआरला वारंवार मागे ढकलेल, आणि त्यातली मंडळी घरून आणलेला डबा धावपट्टीच्या तोंडाशी संपवतील. यावर १९७६ मध्ये एमआयटीच्या रॉजर डिअरने, उतरणाऱ्यांचा विचार करताना, तोडगा सुचवला : मूळ क्रमापासून कुणालाही दोन-तीन जागांपलीकडे हलवायचं नाही. हा तोडगा मला सगळ्यात आवडतो, कारण कुणी फार चिडत नाही आणि संगणकाचं कामही कमालीचं घटतं.

टॅक्सीवेवर ओव्हरटेक नसतो, हे गणितात घालायला विसरू नका. नाहीतर कागदावरचं पहिलं विमान प्रत्यक्षात चौथ्याच्या शेपटीमागे उभं असतं.

झालं उत्तर तयार? वैमानिकांना कळवा. एवढ्यात निरोप येईल : एका विमानात चेक-इन झालेला प्रवासी चढलेलाच नाही, त्याची बॅग पोटातून शोधून काढायची आहे. त्या विमानाला तूर्त बाजूला ठेवा आणि पुन्हा मांडा. नऊच उरली, रांगा फक्त ३,६२,८८०.