बरसातीचं ऊन

चंडीगढच्या सचिवालयाला वास्तुकार ल कॉर्बुझिएने ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या झडपा लावल्या. साहेबांची सोय झाली. भाडेकरूच्या वाट्याला गच्चीवरची खोली, म्हणजे बरसाती. जूनमध्ये रात्री अकरालाही तिच्या भिंतीला पाठ टेकवत नाही.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने चुना लावावा (तो तर लावतोच), भाडेकरूने नळाचा वॉशर बदलावा, असं सगळं बारकाईनं लिहिलंय. तापणाऱ्या छताबद्दल अवाक्षर नाही. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेत छतातून किती उष्णता यावी याची मर्यादा आहे, पण ती मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींपुरती.

तेव्हा बरसाती बघायला दुपारी तीनला जा. मालक सकाळी सातला बोलावेल.